हळदीच्या गावातलं कुंकू

(दृश्य: सांगली मार्केट यार्ड. सकाळ. हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या, हवेत पिवळा धुरळा.)

हा वास सांगलीच्या माणसाला सांगावा लागत नाही. यार्डात हळदीचा सौदा निघाला की तो अंगावरच्या कपड्यांतून घरापर्यंत येतो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या कितीतरी आधीपासून हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीत खणलेल्या पेवांमध्ये ही हळद साठवली जायची. 2005 च्या महापुराने त्यातली बरीच पेवं खाल्ली.

कुंकू होतं ते या हळदीचंच. लिंबाचा रस आणि टाकणखार लागला की पिवळी हळद लाल होते. लावणीपासून निवडण्यापर्यंत हळदीच्या कामात बायकांचे हात असतात. त्यात सवाशिणी असतात, विधवाही असतात. हळद निवडायला बसताना नवरा आहे का, असं कुणी विचारत नाही.

(दृश्य: पलूस भागातलं गाव. द्राक्षबागा. एका घराची ओसरी.)

माझी मावशी या भागातली. मे 2021 मध्ये कोविडने काका गेले. मयत घरी आणूच दिलं नाही. मिरजेतच सगळं उरकलं, खांदा द्यायला कुणी नव्हतं. पण दहाव्या दिवशी बांगड्या फोडायला, जोडवी काढायला आणि कपाळ पुसायला बायका बरोबर जमल्या. मी त्या दिवशी ओसरीवर उभी होते. मी काही बोलले नाही. ही फिल्म करताना ते सारखं आठवत राहिलं.

(दृश्य: मोबाईलच्या पडद्यावर बातमी. मुंबई, मंत्रालय परिसर.)

2 नोव्हेंबर 2022. सांगलीत राहणारे संभाजी भिडे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना भेटून मंत्रालयातून बाहेर आले. आमच्या जिल्ह्यातली हजारो तरुण पोरं त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांचं अनवाणी चालणं, साधं राहणं, गडकोट मोहिमा यांचा या पोरांवर खोल परिणाम आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. एका महिला पत्रकाराने त्यांना भेटीबद्दल विचारलं. त्यांनी आधी कुंकू लाव, मग बोलतो, असं तिला सुनावलं. पुढे म्हणाले, प्रत्येक स्त्री भारतमातेचं रूप असते आणि भारतमाता विधवा नाही.

राज्य महिला आयोगाने त्यांना नोटीस पाठवून खुलासा मागितला. वाहिन्यांवर चर्चा झाल्या. टिकली लावावी की लावू नये, हा बाईचा खाजगी प्रश्न आहे की संस्कृतीचा, पत्रकाराचा अपमान झाला की नाही. ‘टिकली’ या शब्दावर चार दिवस वाद रंगला. ‘विधवा’ या शब्दापाशी मात्र फारसं कुणी थांबलं नाही.

ते वाक्य उलटं करून बघा. भारतमाता विधवा नाही म्हणून कपाळ मोकळं नको. मग जिचं कपाळ तिच्याच माणसांनी पुसलंय, ती कुणाचं रूप? ती बातमी मावशीने शेजारच्या पोराच्या मोबाईलवर पाहिली होती. मी गावी गेले तेव्हा तिने मला एवढंच विचारलं, “त्या पोरीनं इचारल्याल्याचं उत्तर दिलं का न्हाई मग?”

नव्हतं दिलं.

(दृश्य: कुरुंदवाडचा घाट. हेरवाड गावची पाटी.)

हे घडण्याच्या सहाच महिने आधी, सांगलीहून नरसोबावाडीकडे उतरलं की कुरुंदवाडजवळ लागणाऱ्या हेरवाडने एक काम करून ठेवलं होतं. जिल्हा कोल्हापूरचा, पण नदी आमचीच. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला: नवऱ्याच्या अंत्यविधीवेळी बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. कोविडमध्ये ऐन तारुण्यात विधवा झालेल्या बायका डोळ्यांसमोर होत्या, म्हणून हा ठराव झाला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही असं करायला सांगितलं.

ठरावाला शिक्षेची तरतूद नसते. दहाव्या दिवशी घरात कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं, यावरच सगळं ठरतं. म्हणून मोठ्या माणसाच्या तोंडचं एक वाक्य इथे फार जड पडतं. ग्रामसभेने महिनोन्‌महिने समजूत काढून मिळवलेलं ते एका क्लिपमध्ये मागे ओढतं.

अशी वाक्यं याआधीही आली होती. जून 2018 मध्ये नाशिकच्या सभेत भिड्यांनी आपल्या शेतातल्या आंब्याने मुलगा होतो असा दावा केला. नाशिक महापालिकेने नोटीस काढली. फेब्रुवारी 2020 मध्ये कीर्तनकार इंदुरीकर महाराजांचं सम-विषम तिथीचं विधान गाजलं: सम तारखेला संग केला की मुलगा, विषमला मुलगी. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी तो खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा 1994 चा कायदा लिंगनिवडीच्या जाहिरातीलाही गुन्हा मानतो. मांडवातल्या बोलण्याला तो लागू होतो का, हा त्या खटल्यातला प्रश्न.

(दृश्य: म्हैसाळ. ओढ्याकाठची झुडपं.)

लोक म्हणतात, महाराज बोलतात, आपण हसून सोडून द्यावं. सांगली जिल्ह्यात तसं हसता येत नाही. 2001 च्या जनगणनेत इथे सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 851 मुली होत्या. मार्च 2017 मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये एका गर्भवतीचा गर्भपातात मृत्यू झाला, चौकशी सुरू झाली आणि या ओढ्याजवळ पुरलेले 19 भ्रूण सापडले. तिकडे साताऱ्यात ऑक्टोबर 2011 मध्ये ‘नकुशी’ नावाच्या 285 मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. त्यांच्या आईबापांनी ते नाव देवाला ऐकू जावं म्हणून ठेवलं होतं. पुढची तरी मुलगी नको, एवढं त्याला कळावं. अशा घरात मुलगा कसा होईल हे कीर्तनात सांगणं म्हणजे वाळलेल्या कडब्यात काडी टाकणं.

(दृश्य: सप्ताहाचा मांडव. रात्र. टाळ-मृदंग.)

मला धर्म वाईट आहे असं म्हणायचं नाही. मी याच मांडवात वाढले. कीर्तनाआधी बुक्का लावणारा माणूस रांगेतून फिरतो, आणि तो कपाळ बघून थांबत नाही. सवाशीण, विधवा, म्हातारा, पोर, सगळ्यांना तोच काळा बुक्का, तेच बोट. मावशीच्या कपाळावर वर्षातून सात रात्री काहीतरी असतं, ते या मांडवामुळे. त्याच मांडवातल्या व्यासपीठावरून बाईला तिची जागा दाखवली जाते, तेव्हा माझा राग दुप्पट होतो.

आणि हा वाद आमच्या मातीला नवा नाही. सावित्रीबाई फुले सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. जोतीरावांच्या घराण्याचं मूळ खटाव तालुक्यातलं कटगुण. 1863 मध्ये या दोघांनी पुण्यात फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बाळंतपणाचं घर उघडलं, तेव्हा धर्माच्या नावाने बोलणारे गप्प नव्हते.

(दृश्य: संक्रांत. ओसरीवर हळदी-कुंकू.)

यंदा संक्रांतीला गल्लीतल्या हळदी-कुंकवाला मावशीला बोलावणं आलं. पहिल्यांदाच. ती गेली, दाराजवळच्या सतरंजीवर बसली. दोघींनी पुढे होऊन तिला हळद लावली, कुंकू लावलं. तिसरी आली, करंडा हातात घेऊन क्षणभर उभी राहिली आणि पुढच्या बाईकडे वळली.

वाण मात्र तिघींनीही दिलं. मावशीने ते पिशवीत भरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हळदीच्या कामावर गेली.