मोर राहू द्या, स्नो-डे लिहा

नमस्कार मंडळी.

जेवणाची वेळ होत आलीय, तेव्हा थेट मुद्द्यावर येते. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत मी मोठ्या गटाला शिकवते. टोरांटोच्या आसपास जन्मलेल्या, वाढलेल्या या मुलांना ‘माझा आवडता ऋतू’ हा विषय दिला की निम्म्या वह्यांत पावसाळा अवतरतो. काळे ढग, बेडकांचं डराँव डराँव, पिसारा फुलवून नाचणारा मोर, सुखावलेला बळीराजा. हा निबंध कुठून आला हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, कारण तोच पाठ करून आपण सगळे दहापैकी आठ मार्क मिळवत आलो.

मला या मुलांचा जानेवारी हवाय. बर्फामुळे स्कूल बस रद्द पण शाळा चालू, असा स्नो-डेचा निरोप आल्यावर घरात उडणारी धांदल हवीय. बाबा कमरेत वाकून ड्राइव्हवेवरचा बर्फ काढतात, आत येऊन बूट उतरवतात न उतरवतात तोच रस्त्यावरून बर्फ हटवणारा प्लाऊ जातो आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी पुन्हा बर्फाचा बांध घालून ठेवतो. त्या क्षणी बाबा जे बोलतात ते शुद्ध मराठीत असतं आणि मुलांना ते बरोब्बर समजतं. लिहायला सांगितलं की मात्र हीच मुलं मोर काढून बसतात.

गेल्या हिवाळ्यात एका मुलीने लिहिलं: ‘आईने डब्यात साबुदाण्याची खिचडी दिली. कूट नव्हतं. शाळेत शेंगदाणे चालत नाहीत. कूट नसलेली खिचडी च्युइंगमसारखी लागते. मी तिला सांगितलं छान होती.’ पाच वाक्यं. शेवटचं वाक्य मी शिकवून येणारं नव्हतं.

मग असं लिहिणं येतं कुठून? बहुतेक वेळा विचारण्यातून. ‘आम्ही भारतात गेलो, खूप मजा आली’ एवढं लिहून वही मिटली जाते. मी ती पुन्हा उघडायला लावते. सकाळी तुला कोणी उठवलं? का? तेव्हा कळतं की आजीकडे पहाटे पाणी येतं आणि सगळं घर बादल्या, कळशा भरायला धावतं. चुलतभाऊ काय म्हणाला? तो हसला, म्हणे तू बातम्यांतल्या बाईसारखी बोलतेस. झालं, हाच निबंध! ‘मजा आली’ला आमच्या वर्गात बंदी आहे. काय झालं ते लिहा, मजा वाचणाऱ्याला आपोआप येईल.

पहिल्या खर्ड्यावर मी लाल पेन चालवत नाही. पाणी ऱ्हस्व लिहिलं तरी तहान भागते; वेलांटी दुसऱ्या वाचनात बघू. लॉकर, स्लीपओव्हर हे शब्द खुशाल येऊ देत, फक्त देवनागरीत. ज्यांना जोडाक्षरं अजून जमत नाहीत त्यांनी सांगावं आणि आजी-आजोबांनी उतरवून घ्यावं, अगदी मूल बोललं तसंच. आजोबांनो, तसंच. मध्ये सुभाषित घालायचं नाही.

कोणाला हे परदेशी फॅड वाटत असेल तर सांगते. फ्रान्समध्ये सेलेस्टँ फ्रेने या शिक्षकाने 1924च्या सुमारास वर्गात छपाईयंत्र आणलं आणि मुलांनी स्वतःविषयी लिहिलेला मजकूर मुलांकडूनच छापून घेतला, हे खरंच. पण त्याच्याही कितीतरी आधी, 1855 साली, पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. घरावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायका, त्यांना सोसावा लागणारा थंडी-पाऊस तिने त्यात मांडला. तिला शाळेने वसंत ऋतूवर दहा ओळी लिहायला लावल्या असत्या तर आपण केवढ्याला मुकलो असतो!

आता जरा अवघड भाग. मूल खरं लिहायला लागलं की घरातलंही लिहितं. आईबाबांचं भांडण, बाबांची गेलेली नोकरी, आजीचं विसरणं. मग मला मेसेज येतो, ‘मॅडम, हे कशाला लिहून घेता?’ मी लिहून घेत नाही, ते आपसूक येतं. आमचा नियम असा: ज्या पानाचा कोपरा मुलाने दुमडलाय ते मी वाचते, पण वर्गात मोठ्याने वाचून दाखवत नाही आणि मुलाला विचारल्याशिवाय कुठेही छापत नाही. तुम्हालाही दाखवत नाही. मुलाला कोणाकडून इजा होतेय अशी शंका आली तर मात्र गप्प बसता येत नाही. आपल्या ओंटारिओ प्रांतात तसा कायदाच आहे, आणि हे मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवते. बाकी, पान फाडू नका एवढीच विनंती. एकदा फाडलंत की पुढच्या रविवारी पुन्हा मोर येतो.

यंदा मंडळाच्या दिवाळी अंकात काही पानं मुलांसाठी राखून ठेवली आहेत. मजकूर त्यांच्याच हस्ताक्षरात हवा, फोटो काढून पाठवलात तरी चालेल. पालकांनी टाइप करून ‘सुधारून’ पाठवलेला मजकूर आम्हाला लगेच ओळखू येतो आणि आम्ही तो प्रेमाने परत करतो. सप्टेंबरअखेरपर्यंत वेळ आहे. कोऱ्या वह्या दारापाशी ठेवल्या आहेत, जाताना मुलांना एकेक घेऊ द्या. काही विचारायचं असेल तर मी जेवणाच्या रांगेत आहेच.