नोकरी बदलताना पगार आणि पीएफ

मुलांनो, आयटीआय करून मी १९९२ साली भोसरीत टर्नर म्हणून, म्हणजे लेथ मशीनवर, लागलो. साडेचार वर्षांनी, तीनशे रुपये जास्त मिळतात म्हणून शेजारच्या कारखान्यात गेलो. काम तेच, लेथही तसंच, फक्त गेट बदललं. पुढची तीन वर्षं पगार जेमतेम हलला. तीनशे रुपयांसाठी मी काय काय सोडलं, ते आधी सांगतो.

कायम कामगाराला पाच वर्षं भरली की नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेबद्दलची एकरकमी रक्कम, मिळते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा मानून. माझा मूळ पगार चौदाशे होता. आणखी सहा महिने थांबलो असतो तर चार हजारांच्या आसपास हाती आले असते. पण त्याहून मोठी चूक वेगळीच. पीएफचे अठरा हजार मी काढले आणि मोटारसायकल घेतली. त्या काळी पीएफवर १२ टक्के व्याज होतं. पुढे ते साडेआठच्या आसपास आलं. ते अठरा हजार नव्या खात्यात वळवले असते तर २०२४ पर्यंत दोन लाखांच्या आसपास गेले असते. मोटारसायकल दहा वर्षांत भंगारात गेली.

माझा पगार खरा वाढला तो १९९९ नंतर. दुसरी पाळी सुटल्यावर मी सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या, सेटरजवळ उभा राहायचो. सेटर म्हणजे मशीन कामाला लावून देणारा. ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाचा फरक, मशीनला कसा देतात, टूल कसं लावतात, बघून वहीत लिहायचो. वर्षभराने सेटर म्हणूनच दुसरीकडे गेलो आणि पगार दीडपट झाला. हिशेब करून बघा. दरवर्षी आठ टक्के वाढ मिळाली तर पगार दुप्पट व्हायला नऊ वर्षं लागतात. एकदाच तीस टक्के वाढ मिळाली की साडेतीन वर्षांचं इन्क्रिमेंट एका दिवसात हाती येतं, आणि पुढची प्रत्येक वाढ त्या मोठ्या आकड्यावर मोजली जाते. म्हणून ती उडी पंचविशीत मिळावी, असं मला फार वाटतं. पण ती कशावर मिळते? हाताला नवं काम आलं तर. ऑपरेटरचा सेटर, सेटरचा प्रोग्रॅमर. नुसतं गेट बदलून नाही.

ऑफर लेटर आलं की सीटीसीच्या, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, त्या आकड्याने हुरळू नका, मूळ पगार किती ते आधी बघा. पीएफ त्याच्यावर कापला जातो, ग्रॅच्युइटीही त्याच्यावरच.

आता २०१४ पासून पीएफसाठी यूएएन आहे, नोकरी बदलली तरी नंबर आयुष्यभर एकच. तरी कंत्राटदार बदलला की नवाच नंबर काढलेली मुलं माझ्याकडे येतात. कुणाची आधारवरची जन्मतारीख जुळत नाही, कुणाची नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नसते. ती तारीख मालकाने भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतः पीएफच्या पोर्टलवर भरता येते. पीएफबरोबरच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. मध्येच पेन्शनचेही पैसे काढलेत की ती मोजणी तुटते. आज फोन आणलेत ना सगळ्यांनी? पीएफचं पासबुक उघडा, एकेकाचं बघू या.