बेचाळिसाव्या मिनिटाची खूणगाठ

(पडदा पूर्ण काळा. दूरवर एका वयस्कर बाईंचं संथ बोलणं. त्यावर मध्येच एक यांत्रिक आवाज भराभर काहीतरी बोलून जातो.)

तुमचा स्क्रीन बिघडलेला नाही. पडदा मुद्दाम काळा ठेवलाय. तुम्हाला आत्ता जे ऐकू येतंय तेवढंच माझ्याही वाट्याला येतं, आणि माझं काम त्यावरच चालतं. रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकायच्या आणि टाइप करून द्यायच्या, हा माझा व्यवसाय. मागे बोलतायत त्या बाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभं आयुष्य काढलं. त्यांचं वाक्य तोडून मध्येच बोलतोय तो माझा स्क्रीन रीडर. स्क्रीनवरचा मजकूर, बटणं, मेनू, सगळं तो मला वाचून दाखवतो. त्याचा वेग तुम्हाला झेपणार नाही कदाचित. मलाही पहिले काही महिने झेपला नव्हता.

मुलाखत २ तास १४ मिनिटांची आहे. तिच्यात एके ठिकाणी बाई आपल्या पहिल्या रात्रपाळीबद्दल सांगतात. ती जागा मला परत हवी आहे.

(पडदा उजळतो. कीबोर्डवर दोन हात. शेजारी बंद केलेला मॉनिटर.)

छापील पुस्तकात हे काम किती सोपं! पानाचा कोपरा दुमडला की झालं. शिवाय डोळ्यांनी वाचणारे सांगतात, की अमुक वाक्य डाव्या पानावर खालच्या बाजूला होतं एवढं त्यांना आपोआप आठवतं. कान असं काही आठवून देत नाही. वाक्य येतं आणि जातं. ते कुठे होतं याचं उत्तर एकच, सुरुवातीपासून इतक्या सेकंदांवर. आणि ऐकण्यात रमलेला माणूस सेकंद मोजत बसत नाही.

मग तुम्ही म्हणाल, प्लेअरमध्ये ती सरकती पट्टी असते, ती ओढा. तो स्लायडर माझ्या कानांना कसा लागतो ते ऐका.

(यांत्रिक आवाज: “स्लायडर, ३१.” कळ दाबल्याचा आवाज. “३२.”)

एकतीस काय? टक्के. बऱ्याच प्लेअरमध्ये स्लायडर मिनिटं सांगत नाही, टक्के सांगतो. २ तास १४ मिनिटांचा एक टक्का म्हणजे ८० सेकंद. म्हणजे मी बाण एकदा दाबला, की बाईंची सव्वा मिनिटाची हकिकत उडून जाते. आयफोनवर व्हॉइसओव्हर हा त्यातलाच स्क्रीन रीडर चालू असताना स्लायडरवर बोट वर सरकवलं, की साधारणपणे दहा टक्क्यांची उडी बसते. इथे ती सव्वातेरा मिनिटांहून जास्त. अँड्रॉइडवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असेल तर आवाजाच्या बटणांनी स्लायडर हलवता येतो, पण आकडा बहुतेक वेळा पुन्हा टक्क्यांतच. तीन मिनिटांच्या गाण्यासाठी हे चालून जातं. दहा तासांच्या पुस्तकात एक टक्का सहा मिनिटांचा होतो, आणि मग शोधणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

म्हणून खूण हवी. बुकमार्क म्हणा, मार्कर म्हणा, लेबल म्हणा. मला खूणगाठ हा शब्द आवडतो. विसरू नये म्हणून पदराला मारलेली गाठ बोटांना लागते, ती बघावी लागत नाही.

(जुन्या कॅसेट प्लेअरचं बटण दाबल्याचा खटका. टेप वेगाने पुढे पळतानाची चिरकी किलबिल.)

ही अडचण माझ्यापेक्षा बरीच जुनी आहे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ बनवला. पुढच्याच वर्षी त्याने या यंत्राचे संभाव्य उपयोग लिहून काढले, आणि त्यात अंधांसाठी बोलणारी पुस्तकं होती. ती प्रत्यक्षात यायला १९३० चं दशक उजाडलं. ब्रिटनमध्ये १९३५ साली बोलकी पुस्तकं तबकड्यांवर निघाली. तबकडी मिनिटाला २४ फेरे घेत सावकाश फिरायची आणि एका बाजूवर साधारण २५ मिनिटं मावायची. एका कादंबरीला तबकड्यांची चळत लागायची. तेव्हाची वाचनखूण म्हणजे तबकडीचा नंबर आणि बाजू. बाजूच्या आत कुठे, ते सुई टेकवून चाचपायचं.

कॅसेटच्या काळात एक झकास युक्ती निघाली, आणि माझ्या मते या विषयातली ती सगळ्यात हुशार कल्पना आहे. वाचकाच्या आवाजाखाली, प्रकरण सुरू होतं त्या जागी, अगदी खालच्या पट्टीतला एक सूर रेकॉर्ड करायचा. नेहमीच्या वेगाने ऐकताना तो जाणवतही नाही. टेप वेगाने पुढे पळवली की तोच सूर वर चढतो आणि ‘पीं’ असा ऐकू येतो. पीं आलं की थांबा. कोणी काही बोलून दाखवायला नको, कुठे बघायला नको. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या अंधांसाठीच्या सेवेत कॅसेट निम्म्या वेगाने चालायच्या आणि चारही ट्रॅक वेगवेगळे वापरले जायचे, त्यामुळे ९० मिनिटांच्या कॅसेटवर सहा तास बसायचे. सहा तासांत एक जागा शोधायची, तीही वाटेत काहीच खूण नसताना? तो सूर नसता तर लोकांनी हात टेकले असते.

पुढे डेझी आलं. हे ऐकण्याच्या पुस्तकांचं स्वरूप. त्याची सुरुवात १९८८ साली स्वीडनमधल्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात झाली, आणि १९९६ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या ग्रंथालयांनी मिळून डेझी कन्सॉर्टियम काढलं. डेझीत आवाजाला पुस्तकाचा सांगाडा जोडलेला असतो. शीर्षकांच्या सहा पातळ्या, पान क्रमांक, आणि वाचणाऱ्याने स्वतः ठेवलेल्या खुणा. पुस्तकांचा प्रश्न त्याने बराचसा सोडवला. पण माझ्याकडे येते ती फोनवर रेकॉर्ड केलेली एक लांबलचक, एकसंध एमपीथ्री. तिला कुठला सांगाडा आणि कुठली पानं!

(पुन्हा बाईंचा आवाज. पाठोपाठ यांत्रिक आवाज: “डायलॉग. बुकमार्कचं नाव. एडिट. रिकामं.” त्याखाली बाईंची दोन वाक्यं बुडून जातात.)

इथे काय झालं ते परत सांगते. बाई महत्त्वाचं बोलत होत्या, मी खूण ठेवायची कळ दाबली. एक चौकट उघडली. फोकस, म्हणजे कीबोर्डचा रोख, तिकडे गेला, आणि स्क्रीन रीडरने इमानेइतबारे ती चौकट वाचून दाखवली. ज्या वाक्यासाठी खूण ठेवली, त्याच्या पुढची दोन वाक्यं या बडबडीत गेली. डोळे आणि कान एकाच वेळी दोन कामं करू शकतात. इथे दोन्ही कामं कानांवरच येऊन पडतात.

यावर उपाय आहेत. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये एनव्हीडीए की (त्याच्यासाठी नेमलेली खास कळ), शिफ्ट आणि डी दाबलं, की तो बोलत असताना बाकीचे आवाज दबके होतात. संगीत ऐकताना ठीक आहे. मुलाखतीत मात्र तेच नको असतं. २०२४ मध्ये त्यात आलेली आवाज विभागण्याची सोय मला जास्त भावली. डाव्या कानात स्क्रीन रीडर, उजव्या कानात बाई. पहिल्या दिवशी डोकं भणभणलं. आता दोन माणसांच्या मध्ये बसल्यासारखं वाटतं, आणि कोणाकडे कधी लक्ष द्यायचं ते आपोआप ठरतं.

तरी माझं मत विचाराल तर खूण ठेवायला चौकट उघडूच नये. एक कळ, एक बारीकसा टिक, आणि ऐकणं चालू. नाव नंतर.

(कीबोर्डवरचे हात थांबलेले.)

हे ‘नाव नंतर’ मला चांगलंच महागात पडलेलं आहे. एका प्लेअरमध्ये मी आख्ख्या मुलाखतीत तेवीस खुणा ठेवल्या. एका कळीवर पटापट, मोठ्या उत्साहात. दुसऱ्या दिवशी यादी उघडली.

(यांत्रिक आवाज: “बुकमार्क १. बुकमार्क २. बुकमार्क ३. बुकमार्क ४.”)

तेवीसपर्यंत हेच. डोळस माणसाला निदान शेजारची वेळ दिसली असती. ती वेळ त्या यादीत होती म्हणे, पण स्क्रीन रीडरपर्यंत पोचतच नव्हती. एकेक उघडून ऐकत बसले. सकाळ गेली. आणि त्या प्लेअरची दुसरी मेख संध्याकाळी कळली. नीट राहावं म्हणून मी फाइलचं नाव बदललं, आणि तेवीसच्या तेवीस खुणा गायब. खुणा फाइलीत नव्हत्याच. प्लेअरने त्या स्वतःच्या वहीत फाइलीच्या नावापुढे लिहून ठेवल्या होत्या. नाव बदललं, ओळख संपली.

तेव्हापासून मी ऑडेसिटी वापरते. खरं तर ते आवाजाची काटछाट करण्याचं सॉफ्टवेअर, निव्वळ ऐकण्यासाठी कोणी घेणार नाही. पण त्यात आवाज चालू असताना कंट्रोल आणि एम दाबलं, की त्या क्षणी लेबल पडतं आणि लगेच नाव टाइप करता येतं. चौकट उघडत नाही, बाई बोलत राहतात. तेवढ्यापुरतं मी एनव्हीडीए की आणि २ दाबून टाइप केलेली अक्षरं बोलणं बंद करते, नाहीतर प्रत्येक अक्षर कानात टोचतं. नाव दोन शब्दांचं. मग एंटर. हा एंटर विसरला आणि आवाज थांबवायला स्पेसबार दाबला, तर आवाज थांबत नाही, नावात मोकळी जागा वाढते. माझ्या कितीतरी लेबलांच्या शेपटाला अशा जागा आहेत.

एक गोष्ट मी कोणी शिकवल्याशिवाय शिकले. खूण नेहमी उशिरा पडते. वाक्य कानावर येतं, ते महत्त्वाचं आहे हे कळतं, मग बोट हलतं. तोवर वाक्य संपत आलेलं असतं. म्हणून परत ऐकताना लेबलापासून सुरू करायचं नाही, पाच-सात सेकंद मागे जायचं. बोलणाऱ्याने वाक्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला, तर जागा बरोबर.

नंतर ही लेबलं साध्या टेक्स्ट फाइलीत बाहेर काढता येतात. त्यातली एक ओळ ऐका.

(यांत्रिक आवाज, सावकाश: “२५३१.४२००००. २५३१.४२००००. पहिली रात्रपाळी.”)

सुरुवात, शेवट आणि नाव. माझी खूण एका क्षणाची, म्हणून दोन्ही आकडे सारखे. २५३१ सेकंद म्हणजे ४२ मिनिटं ११ सेकंद. ही फाइल कोणत्याही नोटपॅडमध्ये उघडते, तिच्यात शोधता येतं, ती मेलने पाठवता येते. उद्या प्लेअर बदलला तरी ती माझ्याजवळ राहते. व्हीएलसी या प्लेअरमध्ये कंट्रोल आणि टी दाबून वेळ टाइप केली, की थेट त्या जागी जाता येतं. म्हणजे खुणा एकीकडे आणि ऐकणं दुसरीकडे, असंही जमतं.

जमतं, पण एक खोच आहे. त्याच फाइलीत तीच वेळ टाकूनही कधीकधी भलत्याच वाक्यावर पाय पडतो. आधी मला वाटायचं, चूक माझीच. दोष एमपीथ्रीच्या घडणीत आहे. बिटरेट, म्हणजे आवाजाच्या दर सेकंदाला लागणारा डेटा, कायम असेल तर हिशोब सरळ आहे. १२८ केबीपीएस म्हणजे सेकंदाला १६ हजार बाइट, गुणाकार केला की जागा मिळाली. बिटरेट बदलता असेल तर हा गुणाकार चालत नाही. मग फाइलीच्या सुरुवातीला असलेला एक तक्ता बघावा लागतो, आणि त्या तक्त्यात नोंदी असतात १००. माझ्या मुलाखतीला १०० नोंदी म्हणजे दर ८० सेकंदांना एक. पुन्हा तेच ८० सेकंद! दोन नोंदींच्या मधली जागा अंदाजाने ठरवायची, तर दोन प्लेअरचे अंदाज जुळतीलच असं नाही. म्हणून काम हाती घेतलं की मी आधी फाइलीची वेव्ह, म्हणजे न आकसलेल्या आवाजाची फाइल, करून घेते. तिच्यात प्रत्येक सेकंदाला सारखीच जागा लागते. दोन तास १४ मिनिटांची एका ट्रॅकची वेव्ह ७०० एमबीच्या आसपास जाते. जाऊ दे. डिस्कवरची जागा माझ्या सकाळींपेक्षा स्वस्त आहे.

संगीतावर काम करणारी मंडळी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतात. त्याला ओसारा नावाची जोड मिळाली, की ते स्क्रीन रीडरशी नीट बोलू लागतं. ही जोड सुरू करणाऱ्यांत एनव्हीडीएच्या दोन जनकांपैकी एक, जेम्स टेह आहेत. तिथे एम दाबलं की मार्कर पडतो, चौकोनी कंसांच्या कळांनी मागच्या-पुढच्या मार्करवर जाता येतं, आणि पोचलं की त्याचं नाव ऐकू येतं. नाव ऐकू येणं हे महत्त्वाचं. जागेवर पोचले आहे की नाही हे मला आवाज सुरू करण्याआधी कळतं.

(कीबोर्डवर हात पुन्हा चालू लागतात. ऑल्ट आणि उजवा बाण. टक. टक. टक.)

आता ती रात्रपाळी.

(यांत्रिक आवाज, डाव्या बाजूने: “नोकरीचा अर्ज. मुख्य बाई. पहिली रात्रपाळी.”)

थोडं मागे.

(पडदा पुन्हा काळा. उजव्या बाजूने: खुर्ची करकरते. दूर कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज. बाई श्वास घेतात.)