एका काडतुसाची रायफल

(दृश्य: कामाचं टेबल. अष्टकोनी नळीची जुनी रायफल, अंगभर तपकिरी गंज.)

खालचा लिव्हर पुढे ढकलला की पोलादाचा जाड ठोकळा सरळ खाली सरकतो आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडतं. काडतूस हातानं आत सारायचं, लिव्हर मागे ओढायचा, ठोकळा पुन्हा जागेवर. गोळी एकच. नेम चुकला तर सगळं पहिल्यापासून.

ही रचना जॉन ब्राउनिंगची. १८७९ साली पेटंट मिळालं तेव्हा अमेरिकेतल्या युटामध्ये, ऑग्डेन गावात बंदुका बनवणारा हा तरुण २४ वर्षांचा होता. विंचेस्टर कंपनीनं १८८३ मध्ये हक्क विकत घेतले आणि १८८५ पासून १९२० पर्यंत अशा सुमारे १,४०,००० रायफली बनवल्या. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती उंच, म्हणून हिला ‘हाय वॉल’ म्हणतात.

(दृश्य: स्क्रूच्या खाचेत बसणारं पेचकसाचं टोक.)

ही गंजलेली रायफल पुन्हा नीट करायची, तर ती रिकामी आहे याची खात्री केल्यावर पहिली झटापट स्क्रूंशी. खाचेत तंतोतंत बसेल असं पेचकसाचं टोक आधी घासून घ्यावं लागतं. आदल्या रात्री सोडलेलं तेल तोवर आत झिरपलेलं असतं. तरीही एखादा स्क्रू अडून बसतोच. तिथे जोर करणाऱ्यानं हे काम हाती घेऊ नये.

नळीवर पुन्हा चढवायचा काळा रंग हा रंग नव्हेच, तो गंज आहे. चकचकीत, तेलाचा अंशही नसलेल्या पोलादावर गंज आणणारं द्रावण पातळ पुसायचं आणि दमट पेटीत ठेवायचं. काही तासांत नारिंगी साय धरते. मग नळी उकळत्या पाण्यात. डोळ्यांदेखत नारिंगी गंज काळाभोर होतो, कारण लोहाचा तांबडा ऑक्साइड बदलून मॅग्नेटाइट हा काळा ऑक्साइड बनतो. मऊ तारेच्या ब्रशनं वरची काजळी झाडली की खाली फिकट राखाडी थर दिसतो. हेच पुन्हा, आणि पुन्हा, रंग गडद होईपर्यंत.

दस्ता अक्रोडाचा. त्यावरचे पोचे ओलं फडकं आणि गरम इस्त्री यांच्या वाफेनं फुगून वर येतात. पॉलिश पेपर मात्र जपूनच! लाकूड धातूच्या कडेपेक्षा किंचित उंच असतं. ते घासून खाली गेलं तर परत आणता येत नाही. शेवटी जवसाचं तेल, तळहातानं चोळत.

(दृश्य: जुनी आणि नवी नेमपट्टी, म्हणजे दुर्बिणीविना नेम धरायची पट्टी, शेजारी शेजारी.)

आता मनासारखे बदल. विसाव्या शतकाच्या मध्यात कित्येक हाय वॉलच्या मूळ नळ्या काढून .२२ हॉर्नेटसारख्या वेगवान काडतुसांच्या नळ्या बसवल्या गेल्या. संग्राहक आज हळहळतात. मला त्यातल्या काही रायफली देखण्या वाटतात, पण ज्यांच्यावर नवी भोकं पाडली त्या नाही.

या रायफलीला मागची उभी नेमपट्टी मिळाली, जुन्याच भोकांत. नळी मूळचीच. ती बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या काळातली, म्हणून जाणकार बंदूककारानं कक्ष (नळीत काडतूस बसतं ती जागा) आणि ठोकळ्यामधली फट मोजून दिल्याशिवाय काडतूस भरायचं नाही, आणि भरलं तरी हलक्या दाबाचंच.