रिपोर्टात न लिहिलेले रूळ

नमस्कार श्रोते मैत्रिणींनो, आणि शेजारी बसून ऐकणाऱ्या मंडळींनाही.

मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, रिपोर्टात आपण एकच गोष्ट शोधतो: गाठ आहे का? नाही म्हटलं, की पाकीट कपाटात. पण त्याच चित्रात कधीकधी दोन बारीक पांढऱ्या रेघा शेजारी शेजारी जाताना दिसतात, अगदी रुळांसारख्या. ती असते स्तनातली धमनी, भिंतीत कॅल्शियम साठलेली. कॅन्सरशी तिचा संबंध नाही, म्हणून तपासणारे डॉक्टर ती पाहतात आणि बहुतेक वेळा लिहीत नाहीत.

बोअरच्या पाण्यानं पाइपात आतून क्षार धरतात, तसं हे नव्हे. इथे पाइपाची भिंतच कडक होते. मग हृदयाशी नातं कसलं? कॅलिफोर्नियात साठ ते एकोणऐंशी वयाच्या पाच हजारांवर बायकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. २०२२ साली निष्कर्ष आला: साधारण चौघींत एकीला हे रूळ होते, आणि हृदयविकार किंवा पक्षाघाताचा धोका त्यांना ५१ टक्क्यांनी जास्त. आकडा ऐकून छातीत धस्स होऊ देऊ नका. समजा, शंभरात चौघींना त्रास होणार असेल, तर या गटात सहा जणींना, एवढाच त्याचा अर्थ.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात तर ४९ हजारांवर बायकांची चित्रं संगणकाला दाखवली. त्यानं रूळच नव्हे, अख्खं चित्र वाचलं. सोबत फक्त वय. रक्तदाब, कोलेस्टेरॉल काही न सांगताही हृदयाच्या धोक्याचा त्याचा अंदाज डॉक्टरांच्या नेहमीच्या गणितांच्या जवळपास उतरला.

एक गंमत मात्र आहे. काही अभ्यासांत सिगारेट ओढणाऱ्या बायकांत हे रूळ कमीच आढळले! तेव्हा रूळ नाहीत म्हणून हृदय ठणठणीत, असं कुणी समजू नये.

आपल्याकडे मॅमोग्राफी सगळ्यांच्या वाट्याला येतेच कुठे? मुंबईत टाटा रुग्णालयानं वीस वर्षं जो मोठा अभ्यास केला, त्यात आरोग्यसेविका हातानंच स्तन तपासत. तिथे चित्रच नाही, तर रूळ कुठून दिसणार? अशा बायांसाठी रक्तदाब मोजणारा पट्टाच खरा.

पण ज्यांच्या कपाटात ते पाकीट आहे, त्यांनी पुढच्या खेपेला डॉक्टरांना एवढं विचारावं: "धमनीत कॅल्शियम दिसतंय का हो?" हो म्हणाले, तर त्याच आठवड्यात रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या.