चंद्राची साक्ष

नमस्कार श्रोतेहो. अणूचं केंद्रक म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनचं गाठोडं आणि त्या प्रत्येकात तीन क्वार्क, हे शाळेत झालंय. क्वार्क एकटा काढू गेलात तर रबर ताणावं तशी ओढ वाढते. जवळ आले की मात्र मोकळे. परत सांगतो, लांब नेलं की जखडलेले, जवळ आले की मोकळे. जवळ आल्यावरचं हे मोकळेपण ग्रॉस, विल्चेक आणि पॉलिट्झर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये गणितानं दाखवलं. म्हणजे केंद्रक बेदम दाबलं किंवा तापवलं, की प्रोटॉनच्या हद्दीच पुसल्या जातात. कुठला क्वार्क कुणाचा, हा प्रश्नच उरत नाही. दाबण्याचं काम न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गाभ्यात होत असावं. तापवायचं तर सुमारे १.८ लाख कोटी अंश हवेत.

एवढं तापवायला न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवन प्रयोगशाळेत यंत्र उभं राहिलं, सोन्याची केंद्रकं एकमेकांवर आदळणारं. आता १९९९ सालची गंमत ऐका. एका वाचकानं विज्ञान मासिकाला पत्र धाडलं : या टकरीतून कृष्णविवर होऊन पृथ्वी गिळलं तर? उत्तर लिहिलं ते याच विल्चेकनी. कृष्णविवराचं नाव सोडा, म्हणाले. तिथंच थांबावं की नाही? पण शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा! भीतीच घालायची तर ‘स्ट्रेंजलेट’ची घाला, असं सुचवून बसले. ‘स्ट्रेंज’ नावाच्या जातीचे क्वार्क असलेल्या पदार्थाचा गोळा, शेजारच्या पदार्थाला आपल्यासारखं करत सुटणारा. (स्ट्रेंजचं कुणी ‘विचित्र’ करतं. विशेषनामाचं भाषांतर करू नये, हे माझं जुनं भांडण.) तेही घडणार नाही, असं त्यांनी लिहिलं होतं; पण ते वाचतंय कोण? लंडनच्या एका वृत्तपत्रानं पृथ्वीच्या अंताची बातमी केली. ‘होऊ शकतं’ म्हटलं की मथळ्यात काहीही खपतं.

प्रयोगशाळेचे संचालक मार्बर्गर यांनी चौघांची समिती नेमली. त्यात एक कोण? विल्चेकच! समितीनं साक्षीला बोलावलं चंद्राला. चंद्राला वातावरणाचं पांघरूण नाही. अवकाशातून भरधाव येणारी जड केंद्रकं अब्जावधी वर्षं थेट त्याच्या मातीवर आदळताहेत. स्ट्रेंजलेट सगळं गिळणारा असता, तर चंद्र केव्हाच संपला असता. चंद्र जागेवर आहे, सबब यंत्र चालू करा.

२००० मध्ये टकरी सुरू झाल्या. क्वार्क मोकळे सुटले की वायूसारखे सैरावैरा पळतील, असा कयास होता. २००५ मध्ये जाहीर झालं ते उलटंच : हा तर द्रव, आणि जवळजवळ घर्षणाशिवाय वाहणारा. कळलं कसं? केंद्रकं समोरासमोर न आदळता थोडी बाजूला आदळली, की मधला तापलेला भाग लांबट होतो. कण सगळीकडे सारखे उडत नाहीत. ज्या बाजूला तो भाग अरुंद, तिकडे जास्त उडतात. वायूत असा एकजुटीचा जोर दिसला नसता. थेंब टिकतो किती? प्रकाशाला केंद्रक ओलांडायला लागतो साधारण तेवढाच वेळ. मग क्वार्क पुन्हा प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांत कोंडले जातात.