‘जरा बाहेर पडत जा’ म्हटलं म्हणून कोणी बाहेर पडत नाही

नमस्कार. आधी एक, मागे आशाताई उभ्या आहेत त्यांना कोणीतरी खुर्च्या द्या, दिवसभर पायपीट करून आल्यात त्या. हां. तर विषय दिलाय ‘सोशल प्रिस्क्रायबिंग आणि आपला तालुका’. सोशल प्रिस्क्रायबिंग म्हणजे पेशंटला नुसती गोळी लिहून न देता माणसांशी, गावात जे चालतं त्याच्याशी जोडून देणं. तालुक्याकडे येतेच मी, पण आधी माझा एक जुना राग आहे तो मांडते, कारण सगळा विषय त्यातच आहे.

राग आहे तो दवाखान्यादवाखान्यांत ऐकू येणाऱ्या एका वाक्यावर. ‘रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका, जरा बाहेर पडत जा, चार लोकांत मिसळा.’ कोणाकोणाला सांगितलंय हे? हात वर करा. बघा, अर्धा हॉल. आणि हे ऐकून दुसऱ्या दिवशी कोण बाहेर पडलं? एकच हात! काका, तुमचं कौतुक आहे, पण तुम्ही तसेही दिवसभर बाहेरच असता, तुम्हाला घरी बसा म्हणून लिहून द्यायला पाहिजे. (हशा)

सल्ला चुकीचा नाहीये हो. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १४८ अभ्यास एकत्र करून बघितले, तीन लाखांवर माणसं होती त्यात, आणि ज्यांचा गोतावळा घट्ट त्यांची तगून राहण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. म्हणजे सिगरेट सोडण्याच्या तोडीचा फायदा. पण ज्या बाईचा नवरा गेलाय, मुलं पुण्याला आहेत, गुडघे धरलेत, ती मिसळणार कुठे, कोणत्या वारी, आणि तिथं कोणी ‘आज इकडे कशा?’ विचारलं तर सांगणार काय? या अडचणीवर औषध कोणी लिहून देत नाही.

माझ्याकडे एक पेशंट येतात, एसटीत ड्रायव्हर होते. बायको गेली आणि त्यांना धडधड सुरू झाली. ईसीजी नॉर्मल, शुगर नॉर्मल, टूडी एको मोठ्या शहरात जाऊन करून आले, तोही नॉर्मल. फाइल घेऊन यायचे, सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले, आणि नंबर मुद्दाम सगळ्यात शेवटी लावायचे म्हणजे जरा जास्त वेळ बसता येईल. बोलता बोलता कळलं की डेपोतल्या भजनात पखवाज वाजवायचे. आता यांना नुसतं ‘भजनाला जा’ म्हटलं असतं तर मान डोलावून घरी गेले असते. आमच्या सिस्टरचे वडील वरच्या आळीच्या भजनी मंडळात आहेत, त्यांना म्हटलं, गुरुवारी तुम्ही स्वतः जाऊन त्यांना गाडीवर घेऊन या. गेले. तर हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसलेले, आणि म्हणतात आज नको, पाय दुखतोय. सिस्टरचे वडील वस्ताद माणूस, म्हणाले बरं, चहा तरी टाका, आणि बसले तिथंच. चहा झाल्यावर म्हणाले, चला, नाही आवडलं तर आरतीच्या आधी आणून सोडतो. पहिल्या दिवशी काका दाराशी बसले, चपला पिशवीत घालून पिशवी मांडीवर, म्हणजे केव्हाही उठून जाता येईल. कोणी चौकशी केली नाही, फक्त हातात टाळ दिले. काही गुरुवार असेच गेले, मग एकदा पखवाजवाला लग्नाला गेला, आणि पुढचं तुम्ही ओळखलंत. बीपीची गोळी चालूच आहे त्यांची, भजनानं बीपीची गोळी सुटते असं कोणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण धडधडीसाठी येणं थांबलं. आता येतात ते पेटीवाला सूर सोडतो ही तक्रार घेऊन, आणि त्यावर माझ्याकडे काही गोळी नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की यात उपयोगी पडला तो भजनाचा सल्ला नाही, तो चहा. न्यायला आलेला माणूस आणि त्याचं ते बसून राहणं.

इंग्लंडमध्ये या कामाला पगारी माणूस नेमतात. लिंक वर्कर म्हणतात त्याला. डॉक्टरला दहा मिनिटं असतात, हा लिंक वर्कर निवांत बसतो, ऐकून घेतो, आणि मग बागकाम असेल, गाण्याचा ग्रुप असेल, कर्जाचा सल्ला असेल, घराच्या ओलीची तक्रार असेल, तिथं नेऊन जोडून देतो. २०१९ च्या जानेवारीत त्यांच्या सरकारी आरोग्यसेवेनं, एनएचएसनं, दहा वर्षांचा प्लॅन काढला, त्यात आधी एक हजार लिंक वर्कर नेमायचे आणि २०२३-२४ पर्यंत नऊ लाख लोकांना ही वाट दाखवायची असं लिहून टाकलं. त्याच्याही आधी सॉमरसेटमधल्या फ्रूम नावाच्या छोट्या गावात, आपल्या तालुक्याच्या गावाएवढंच असेल, डॉ. हेलन किंग्स्टन यांनी २०१३ मध्ये हे सुरू केलं. गावात काय काय चालतं त्याची यादी केली, आणि न्हावी, दुकानदार, टॅक्सीवाले, शेजारीपाजारी अशा साध्या लोकांना थोडं शिकवून ठेवलं, की कोणी अडचणीतलं दिसलं तर कुठे न्यायचं. २०१३ ते २०१७ मध्ये त्या गावातल्या लोकांचं इमर्जन्सीत अॅडमिट होणं १४ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्याच काळात सगळ्या सॉमरसेटमध्ये ते २८ टक्क्यांच्या वर वाढलं. आता हे सगळं श्रेय गप्पांच्या कट्ट्याला देऊ नका, डॉक्टरांनी हॉस्पिटलमधून घरी सोडलेल्या पेशंटचा पाठपुरावा पण वाढवला होता. एकूणच या विषयात पक्क्या चाचण्या अजून कमी आहेत, हे मी सांगितलंच पाहिजे. तरी आकडा बोलका आहे.

आणि लंडनमधलं पेकहॅम! हे सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. १९२६ साली इनेस पिअर्स आणि जॉर्ज स्कॉट विल्यमसन या दोन डॉक्टरांनी कामगार वस्तीत एक घर घेतलं, आणि १९३५ मध्ये मोठी बिल्डिंग बांधली. मधोमध पोहण्याचा तलाव आणि चारी बाजूंनी काचा. आठवड्याला एक शिलिंग वर्गणी, पण एकट्याला मेंबर होता येत नाही, अख्खं कुटुंब पाहिजे. वर्षातून तपासणी, बाकी वेळ पोहा, नाचा, शिवणकाम करा, नुसतं बसा. काचा कशाला? तर चहा पिता पिता समोर आपल्याच वयाची शेजारीण पोहताना दिसली की आपल्यालाही वाटतं, हे मला जमेल. कोणी लेक्चर द्यायची गरज नाही. युद्धात बंद पडलं, पुन्हा उघडलं आणि १९५० मध्ये कायमचं बंद झालं, कारण नवीन एनएचएस आजारी माणसाला बरं करायला होती आणि हे लोक धडधाकट माणसाच्या मागे लागले होते, बसवायचं कुठल्या खात्यात? मला फार वाईट वाटतं त्याचं.

वाईट वाटतं कारण आपल्याकडे बिल्डिंगा आहेत. तुमच्या प्रत्येकाच्या गावात एक समाजमंदिर आहे, उद्घाटनाची पाटी आहे, आणि दाराला कुलूप आहे. एका गावात बायकांनी ठरवलं की दुपारी तीन ते पाच तिथं बसायचं, गोधड्या शिवायच्या, गप्पा मारायच्या, एक पैसा मागत नव्हत्या कोणाकडे. किल्ली कोणाकडे? यांच्याकडे. हे म्हणतात त्यांच्याकडे. ते म्हणतात अर्ज द्या. अर्ज दिला तर म्हणे मंडळ रजिस्टर आहे का. मी खिडकीतून आत बघितलं, मांडवाचे बांबू, तुटलेल्या खुर्च्या आणि एक बंद पडलेला कूलर. बायका शेवटी देवळाच्या ओसरीवर बसायला लागल्या, पावसाळ्यात ओसरी भिजायला लागली तेव्हा ते पण मोडलं. लोकांच्या पैशानं बांधलेली जागा लोकांना बसायला मिळत नाही आणि मग आपण म्हणायचं म्हातारी माणसं एकटी पडलीत!

सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? बरं, आता तालुका, भराभर.

एक, आपल्याला इंग्लंडकडे बघायची गरजच नाही. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं, शेतकरी मंडळं, महिला मंडळं उभी केली, आणि सगळ्या जातींची पोरं एकत्र यावीत म्हणून आधी व्हॉलीबॉल सुरू केला. दोन, नाशिक जिल्ह्यात पुण्याच्या एका संस्थेनं ‘आत्मीयता’ प्रकल्प केला, गावातलीच माणसं दुःखी माणसाशी बोलायला शिकली, आणि नुसतं बोलायला नाही, सरकारी योजनांशी जोडून द्यायलाही. हे फार महत्त्वाचं आहे, जिची निराधारची पेन्शन अडकलीय तिला आधी फॉर्म भरायला सोबत द्या, भजन नंतर.

तीन, हे काम आशाताईंच्या डोक्यावर टाकू नका, त्यांच्याकडे आधीच पुरेसे रजिस्टर आहेत. त्यांनी फक्त नाव सांगायचं. न्यायला जायचं ते आपण, रिटायर झालेल्यांनी. चार, जो माणूस जेवत नाही, झोपत नाही, जगण्यात अर्थ नाही म्हणतो, त्याला कट्ट्यावर नाही, डॉक्टरकडे न्या, आणि १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या मदतीचा, सरकारी फोन नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. पाच, यादी. गावात कोणत्या वारी, किती वाजता, कुठे काय चालतं, आणि तिथं ओळखीचं कोण आहे. ओळखीच्या माणसाचं नाव नसेल तर ती यादी रद्दीत घाला.

दाराशी वही ठेवलीय. देणगी नको, सह्या नकोत. तुमचं नाव, तुम्ही कुठे जाता ते, आणि आठवड्यातून कोणत्या दिवशी कोणाला तरी बरोबर घेऊन जाऊ शकता तो वार लिहा. गाडी असेल तर तेही लिहा, पायी नेणार असाल तर आळीचं नाव लिहा. लिहिणाऱ्या सगळ्यांना मी सोमवारपासून फोन करणार आहे.